समाधानी ग्राहक, राहुरी

माणसाच्या मागे दोनच गोष्टी उरतात, त्यानं बांधलेली वास्तू आणि त्यानं लिहिलेलं अक्षर. या वाक्यानं सुरू होणारा एक लेख मी वाचला आहे, आणि तो संडासाच्या पाइपला उतार किती ठेवावा याबद्दल होता.

लेखाखाली लेखक म्हणून ज्ञानदेव मिस्त्रींचं नाव होतं. ज्ञानदेव मिस्त्री आमच्या राहात्यात फरशी बसवणं, नळ जोडणं, संडास-न्हाणी बांधणं अशी कामं घेतात. वास्तू हा शब्द त्यांनी वास्तुशांतीच्या पत्रिकेत वाचला असेल. अक्षराशी त्यांचा संबंध पाइपवर पेन्सिलीनं केलेल्या खुणेपुरता. तरीही त्या एका उन्हाळ्यात ते लेखक झाले. नुसते झाले नाहीत, दर सोमवारी होत राहिले.

आज सकाळी मागच्या गल्लीत फरशी कापायचं मशीन सुरू झालं आणि तो उन्हाळा परत आला. त्या मशीनचा आवाज कानात शिरत नाही, थेट दाढेत शिरतो. मग पांढरी धूळ उठते. ती कडुलिंबाच्या मोहरावर बसते, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर बसते, दोरीवरच्या साड्यांवर बसते, आणि दुपारपर्यंत सगळी गल्ली पीठगिरणीतून बाहेर आल्यासारखी दिसू लागते. कारखान्याचा भोंगा बंद झालेला असतो. उसाच्या ट्रॉल्या जाऊन रस्त्यावर वाळूच्या, खडीच्या, विटांच्या ट्रॉल्या आलेल्या असतात. पेरूच्या बागा ताणावर सोडलेल्या, पानं पिवळी पडलेली. झाडांना पाणी तोडायचं आणि सिमेंटला पाजायचं, असा आमच्याकडचा हा हंगाम. ज्याच्या घरात ज्येष्ठापर्यंत लग्न, त्याच्या घरात चैत्रात न्हाणीचं काम. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या लोकांना देवघराआधी संडास आठवतो, आणि यात चुकीचं काही नाही.

ओल्या सिमेंटचा वास मला आवडतो. ओल्या मातीच्या वासावर मराठीत इतकं लिहून झालं आहे की त्या वासात आता फक्त लेखन उरलं आहे. सिमेंट अजून त्यातून वाचलेलं आहे. निदान त्या उन्हाळ्यापर्यंत वाचलेलं होतं.

मी तालुक्याच्या वाचनालयात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर घरची न्हाणी नवीन करून घेतली, ती ज्ञानदेव मिस्त्रींकडून. काम उत्तम झालं. टॉवेल अडकवायची खुंटी तेवढी राहिली. "उद्या येतो, बाई," म्हणून ते गेले, ते गेलेच. नंतर कळलं की हा त्यांचा रिवाजच आहे. प्रत्येक घरात ते एक काहीतरी शेवटचं ठेवतात. कुठे दाराची कडी, कुठे जाळीचं झाकण. मंदाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या की हे पाय गुंतवून ठेवणं आहे, परत जायला निमित्त राहतं. निमित्त राहायचं, परत जाणं होत नसे.

आमच्याकडे मिस्त्री कसा निवडतात हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. मिस्त्रीची चौकशी नवरदेवासारखी होते. त्यानं आधी कुणाकडे काम केलं ते विचारायचं आणि त्या घरी जायचं. आधी कळवायचं नाही. जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं, आणि मग घरातल्या बाईनं सहज उठल्यासारखं उठून त्यांच्या न्हाणीत जायचं आणि तांब्याभर पाणी फरशीवर ओतायचं. ओतून गप्प उभं राहायचं. पाणी कुणी न सांगता जाळीकडे गेलं तर मिस्त्री पास. कोपऱ्यात थांबलं, किंवा दाराच्या उंबऱ्याकडे वळलं, तर चहाबद्दल आभार मानून उठायचं. त्या घरच्या माणसांनाही यात काही वावगं वाटत नाही. परकी बाई आपल्या न्हाणीत तांब्या घेऊन उभी आहे हे बघत ते पंख्याखाली बसून राहतात. मग जाता जाता एकच प्रश्न, माणूस कसा? त्याला उत्तरही एकच, "बरं हाय." आमच्या मुलखात याच्या वरची स्तुती नाही. मेलेल्या माणसाबद्दलही आम्ही याहून जास्त बोलत नाही.

एवढी साधी व्यवस्था. तिच्यात काय कमी होतं ते त्या उन्हाळ्यात अक्षयनं शोधून काढलं.

अक्षय ज्ञानदेव मिस्त्रींचा भाचा, बहिणीचा मुलगा. तिशीला टेकलेला, दाढी कोरलेली, नगरला कसलीशी डिजिटल एजन्सी चालवणारा. एजन्सी म्हणजे तो, त्याचा लॅपटॉप आणि एक खुर्ची, असं मंदाबाई सांगायच्या, आणि खुर्ची भाड्याची आहे हेही सांगायच्या. पण त्याला बोलावणं ज्ञानदेवांनीच पाठवलं होतं, आणि त्याला कारण होतं. त्याच वर्षी मोठ्या रस्त्याला एक काचेचं शोरूम उघडलं होतं. तिथे संडासाची भांडी दागिन्यासारखी दिव्याखाली मांडलेली. फरशी घ्या, मिस्त्री आमचा. तो मिस्त्री म्हणजे गावातलाच कुणीतरी, पण पाठीवर शोरूमचं नाव छापलेला शर्ट घातलेला. ज्ञानदेवांचे बरोबरीचे मिस्त्री एकेक करून त्या शर्टात शिरले. ज्ञानदेवांकडे त्या हंगामात धड एकही काम आलं नव्हतं. माझ्या ओट्यावर बसून ते एकदा म्हणाले, "बाई, मला रोजंदारीचं काय न्हाई. पन मी बांदलेल्या न्हानीला दुसऱ्याचं नाव, हे न्हाई जमायचं." असं गंभीर बोलायची त्यांना सवय नव्हती. बोलून झाल्यावर त्यांनी बशी उगाच पुसली.

तर अक्षयनं उपाय सांगितला, ब्लॉग. लोक आता विचारत नाहीत, शोधतात. मोबाईलवर शोधलं की मामाच वर आला पाहिजे. त्यासाठी दर आठवड्याला लेख हवा. लेख आला नाही तर मोबाईल माणसाला विसरतो. हे सगळं तो अशा आवाजात सांगायचा की जणू डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलत आहेत.

भाषा तपासायला ते लेख माझ्याकडे येऊ लागले. वाचनालयात मी आयुष्यभर वाईट पुस्तकं हाताळली आहेत. वाळवीनं खाल्लेली, तेलकट बोटांची, मधलीच पानं कुणीतरी फाडून नेलेली. कशाचीही किळस आली नव्हती. या लेखांची आली. पाकात बुडवून बाहेर काढलेली आणि सुकू न दिलेली भाषा, हात लावला की चिकटणारी. "घर म्हणजे चार भिंती नव्हे." "आम्ही फरशी बसवत नाही, नाती बसवतो." "पाण्याला वाट हवी, माणसाला विश्वास." प्रत्येक वाक्य स्वतःच्याच गळ्यात हार घालून उभं. मी खोडायचे. अक्षय म्हणायचा, बाई, तुम्ही चुका काढा, फील काढू नका. फील काढला की काहीच उरत नव्हतं हे खरं.

आणि हे निदान त्यानं स्वतः लिहिलेलं. बाकीचं कुठून कुठून उचलून मशीनकडून मराठीत करून घेतलेलं होतं. वैशाखात, म्हणजे टाकीतलं पाणी अंगावर घेतलं तर पोळावं अशा दिवसांत, ज्ञानदेव मिस्त्रींच्या नावानं एक लेख आला. नळातलं पाणी गोठलं तर घाबरून न जाता काय करावं. पाइपवर उबदार कापड गुंडाळावं, छपरावरचा बर्फ फावड्यानं दूर करावा. पुढच्या सोमवारी तळघरात पूर आल्यास काय करावं. राहात्यात तळघर नाही आणि ज्या वर्षीची ही गोष्ट त्या वर्षी पूर सोडाच, कालव्याला पाणी सोडायचं आवर्तनसुद्धा लांबलं होतं. मी हे दाखवलं तर अक्षय म्हणाला, लोक वाचत नाहीत बाई, मोबाईल वाचतो. इतकी वर्षं वाचकांच्या ओढीनं वाचनालय उघडणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकून जे वाटतं ते मला वाटलं. मी चहा तसाच ठेवला.

वाईट याचं वाटायचं की ज्ञानदेवांना ते आवडायला लागलं होतं. फोटोत त्यांना कुणाचा तरी कोट घातला होता, हाताची घडी घालायला लावली होती, आणि पाठीमागे परदेशातली कुठलीशी न्हाणी चिकटवली होती, तिच्या खिडकीतून सुरूची झाडं दिसत होती आणि मधोमध होता एक पांढरा टब. ज्ञानदेव मला फोटो दाखवत म्हणाले, "ह्याच्यात म्हस बसंल, बाई." पण म्हणताना ते फोटोकडे पुन्हा बघत होते. पुढे पुढे ते बोलतानाही तसंच बोलू लागले. एकदा त्यांच्या घरी माझ्यासमोरच म्हणाले की आमी नाती बसवतो. आतून मंदाबाईंचा आवाज आला, "आदी त्या पवारवहिनींची कडी बसवा."

मग आले समाधानी ग्राहक.

ब्लॉगवर अभिप्राय हवेत, असं अक्षयचं म्हणणं. मी म्हणाले, त्यात काय, खरी गिऱ्हाइकं गावभर आहेत, विचारा त्यांना. अक्षयनं खरंच विचारलं होतं. सगळ्यांनी "बरं हाय" असं सांगितलं. हे छापून कसं चालेल? आणि सगळी राहात्यातलीच, त्यानं धंदा लहान दिसतो. म्हणून त्यानं ग्राहक घडवले. एक पुण्याच्या मॅडम, एक संगमनेरचे डॉक्टर, आणि सर्वांत वर, चौकटीत, हसरा चेहरा लावून, श्री. संजय, राहुरी. श्री. संजय म्हणत होते, "ज्ञानदेवजींनी आमच्या घराला घरपण दिले. आता प्रत्येक सकाळ प्रसन्न वाटते." न्हाणीच्या संदर्भात हे वाक्य वाचून मला जे चित्र दिसलं ते मी इथे देत नाही.

मी एवढंच विचारलं की हा संजय कोण. अक्षय म्हणाला, कोणी नाही, संजय प्रत्येक गावात असतो.

ही एक गोष्ट त्यानं खरी सांगितली होती.

पुणतांब्याला रावसाहेब म्हणून एक बागायतदार. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि गोदावरीच्या बाजूच्या मळ्यात नवं घर उठत होतं. न्हाण्यांचं काम द्यायचं होतं. अशा एका कामावर मिस्त्रीचा हंगाम निघतो आणि वर चार गावांत नाव होतं. रावसाहेबांच्या मुलीनं मोबाईलवर शोधलं आणि अक्षयनं सांगितलं तसं ज्ञानदेव मिस्त्री खरोखर वर आले. रावसाहेबांनी फोन केला. "तुमचं काम बघून कळवतो," म्हणाले. ज्ञानदेव त्या संध्याकाळी माझ्याकडे पेढे घेऊन आले. काम मिळालं नव्हतं, पण फोन आला होता. मी पेढा घेतला. ब्लॉगबद्दल माझं मत त्या दिवशी मी बोलून दाखवलं नाही, एवढं श्रेय मला द्यावं.

आता शहरातला माणूस काय करेल? अभिप्राय वाचेल आणि पुढे जाईल. छापलेला समाधानी ग्राहक हा भिंतीवरच्या देवाच्या कॅलेंडरसारखा असतो, त्याच्याकडे कुणी जात नाही, हे त्याला ठाऊक असतं. पण पुणतांब्याच्या माणसांनी वाचलं की राहुरीच्या संजयरावांकडे या मिस्त्रीचं काम झालेलं आहे. मग आता राहुरीला जायला हवं. नाहीतर त्यांचं नाव-गाव कशाला दिलं असतं? रावसाहेबांना राहुरीच्या कृषी विद्यापीठात बियाण्याचं काम होतंच. त्यांनी जीप काढली, आणि सोबत थोरल्या बहिणीला घेतलं. या बहिणीला सगळं पुणतांबं आक्का म्हणतं. नवरा गेल्यापासून त्या भावाकडे असतात आणि घर त्यांच्या शब्दावर चालतं. आक्कांनी येताना घरचा तांब्या घेतला. दुसऱ्याच्या तांब्याचा त्यांना अंदाज येत नाही.

राहुरीत ते स्टँडजवळ उतरले आणि विचारू लागले की नवीन न्हाणी बांधलेले संजयराव कुठे राहतात. राहुरीच्या लोकांनाही प्रश्न विचित्र वाटला नाही, याची मला फार गंमत वाटते. पानटपरीवर चर्चा झाली. कुठला संजय, मेडिकलवाला का टेम्पोवाला. एका हार्डवेअरच्या दुकानदारानं सांगितलं की टेम्पोवाल्या संजयनं मागच्या वर्षी आपल्याकडूनच फरशी नेली होती, तोच असणार. त्याच्या घरापर्यंत एक जण सोबतही आला. संजय भाड्यावर गेलेला होता. बायको घरी होती. तिनं बसा म्हटलं, चहा टाकला. मिस्त्री कोण होता म्हणून विचारल्यावर म्हणाली, नाव काय ध्यानात न्हाई, राहात्याकडचा हुता. झालं. आक्का तांब्या घेऊन उठल्या.

पाणी जाळीकडे गेलं नाही. थोडा वेळ जागीच विचार करत राहिलं, मग वळलं आणि उंबऱ्याकडे निघालं, आणि उंबरा ओलांडून बाहेरच्या पायपुसण्यात शिरलं. संजयची बायको सहज म्हणाली की रोजच येतं तसं, आपण खराट्यानं सारायचं. वर्षभर ती सारत होती. न्हाणी म्हटली की पाणी सारावं लागतं, असंच तिला वाटत होतं. आक्कांनी तिला जाळी दाखवली, पाणी दाखवलं, आणि उतार म्हणजे काय ते तिथेच समजावून सांगितलं. मग चहाबद्दल आभार मानून ते उठले. जाताना आक्कांनी हेही सांगितलं की तुमचं नाव त्या मिस्त्रीनं मोबाईलवर लावलंय, तुमी लई खूश हाय म्हनून.

रात्री जेवायच्या आत ज्ञानदेवांना निरोप आला. काम बघितलं, उतार चुकलाय, आमचं जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग फरशीच्या धुळीसारखा होता. त्यांनी आयुष्यात चुकीचा उतार दिला नव्हता. वेळा चुकवल्या होत्या, शब्द चुकवले होते, कड्या-खुंट्या तर गावभर बाकी होत्या, पण पाणी उलटं गेलं असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि आता ज्या न्हाणीत त्यांनी पाऊल ठेवलं नाही तिच्यावरून ते नापास झाले होते. मी म्हणाले, मग सांगा ना की ते काम तुमचं नाही. ते म्हणाले, "मंग संजय कोन, असं इचारतील ना, बाई." ते खरंच होतं. काम माझं नाही म्हणावं तर ग्राहक खोटा. ग्राहक खरा म्हणावा तर उतार खोटा. शोरूमवाल्यांचा माणूस त्याच आठवड्यात शर्टाचं माप विचारून गेला होता.

अक्षयला फोन लावला तर त्यानं सांगितलं की निगेटिव्ह गोष्टींवर फोकस करू नका, नवीन लेख टाकतो. त्या सोमवारी खरंच नवीन लेख आला. घराला उष्णता टिकवणारं अस्तर कसं लावावं. त्या दिवशी अंगणातल्या नळाला हात लावायची सोय नव्हती.

शेवटी मंदाबाईंनी निकाल दिला. त्या माझ्या ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या, मानही वर केली नाही. म्हणाल्या, "खोटं बोललो म्हना. मिस्त्री खोटं बोलतो हे समद्यास्नी ठावं हाय, त्यानं कोन मरत न्हाई. पन उतार चुकला म्हनलं तर उद्यापासनं दारात कोन उभं करनार न्हाई."

नीतिशास्त्रावरची काही पुस्तकं वाचनालयात होती. कुणी नेत नसे म्हणून मीच वाचून काढली होती. इतका उपयोगी परिच्छेद त्यात एकही नव्हता.

ज्ञानदेव पुणतांब्याला गेले आणि सांगून आले. संजय म्हणून कोणी नाही, पुण्याच्या मॅडम नाहीत, डॉक्टर नाहीत. कोटसुद्धा माझा नाही, हेही त्यांनी सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं. रावसाहेब चिडले, म्हणे आमची राहुरीची खेप फुकट गेली. आक्का चिडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "खरं गिऱ्हाईक हाय का एखादं?" ज्ञानदेवांनी माझं नाव सांगितलं.

अशा रीतीनं एका सकाळी आक्का माझ्या दारात आल्या. आधी न कळवता, तांब्या घेऊन. चहा झाला. पाऊसपाण्याचं झालं. मग त्या उठल्या, आणि मी माझ्याच घरात पंख्याखाली बसून राहिले. नोकरीत असताना तपासणीला साहेब यायचे तेव्हाही मी इतकी ताठ बसले नव्हते. न्हाणीतून पाणी पडल्याचा आवाज आला. मी न राहवून उठून दाराशी गेले. पाणी फरशीवरून पातळ पसरून, कुठेही न अडता, जाळीकडे चाललं होतं. आक्का त्याच्याकडे अशा बघत होत्या जशा बायका पाळण्यातल्या मुलाकडे बघतात. सगळं पाणी उतरल्यावर म्हणाल्या, "खुंटी कुठंय?"

मी खुंटीची हकीकत सांगितली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, माणूस कसा? दार अर्धं उघडं होतं आणि आक्का आल्याचं ऐकून ओट्यावर येऊन बसलेले ज्ञानदेव मला दिसत होते. मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर. एका वाक्यानं त्यांचा हंगाम जाणार किंवा राहणार होता. मी सांगितलं, "काम बरं आहे. माणूस सापडत नाही."

"म्हंजी?"

"जेवायला जातो म्हणून जातात, ते परवा येतात."

आक्कांनी तांब्या पदराला पुसला. "मंग जेवायला आमच्यातच ठिवू," म्हणाल्या.

आणि ठेवलं. लग्नापर्यंत ज्ञानदेव पुणतांब्यालाच राहिले. सकाळची न्याहारी, दुपारचं, रात्रीचं, सगळं आक्कांच्या नजरेसमोर. कड्या, खुंट्या, जाळीची झाकणं सगळं वेळेत बसलं, असं पहिल्यांदाच घडलं. शर्टाचं माप शोरूममध्ये तसंच राहिलं. लग्नात मी गेले होते. जेवणाआधी मला आक्कांनी न्हाणी दाखवायला नेलं आणि हातात तांब्या दिला.

इथे हा लेख चांगल्या चवीवर संपला असता. पण अक्षय गप्प बसला नव्हता. त्यानं त्या सगळ्या प्रकाराचा ब्लॉग केला. शीर्षक, "एका सच्च्या कारागिराची कबुली". सत्य हीच आमची मार्केटिंग, असं त्यात ठळक अक्षरात होतं. खोटे ग्राहक कुणी बनवले हे त्यात नव्हतं. मंदाबाईंचं वाक्य घासूनपुसून, नाती आणि विश्वास लावून, ज्ञानदेवांच्या तोंडी घातलेलं होतं. आक्का होत्या, पण त्यांचं नाव "एक आजी" असं झालेलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आक्कांच्या डोळ्यांत पाणी! ते पाणी कुठल्या उतारानं आलं हे मला विचारायचं होतं. खोट्याची मला किळस आली होती, पण ती सोसण्यासारखी होती. खरं घडलेलं उचलून त्याला तोच पाक लावलेला बघितला, तेव्हा मी मोबाईल ओट्यावर उपडा ठेवला आणि हात धुऊन आले. साबण लावून.

यंदा अक्षय एका बोअरवेलवाल्याचा ब्लॉग लिहितो, असं ऐकलं. कुतूहलानं उघडून बघितला. पहिलंच वाक्य होतं की माणसाच्या मागे दोनच गोष्टी उरतात. ज्ञानदेवांचा ब्लॉग तसाच आहे, कुणी लिहीत नाही, कुणी पुसत नाही. कामं त्यांना येतात ती पुणतांब्याच्या बाजूनं, लग्नात ज्यांनी ज्यांनी तांब्या ओतला त्यांच्याकडून. मागच्या गल्लीतलं मशीनही आज त्यांचंच आहे, आणि माझी खुंटी अजून नाही.

एक गिऱ्हाईक मात्र निव्वळ ब्लॉगमुळे मिळालं, हे नमूद करायला हवं. आक्का राहुरीहून गेल्यानंतर टेम्पोवाल्या संजयच्या बायकोला घरात राहवेना. एकदा उंबऱ्याकडे जाणारं पाणी दिसलं की ते दिसतच राहतं. त्या दोघांनी मोबाईलवर शोधलं, चौकट सापडली, नंबर सापडला. संजयनं ज्ञानदेवांना फोन केला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "तुमी मला खूश म्हनून छापलंय. तर तेवढं काम करून द्या."

ज्ञानदेवांना नाही म्हणता येईना. पुणतांब्याचं काम सुरू व्हायच्या आत ते राहुरीला गेले, फरशी उखडली, उतार नव्यानं दिला. पाणी आता जाळीकडे जातं. श्री. संजय यांचा अभिप्राय ब्लॉगवर अजून आहे, हसऱ्या चेहऱ्यासकट. याला दोन उन्हाळे झाले. त्यांच्या न्हाणीत नळ बसवायचा राहिला आहे.